सिस्टर पळायला लागल्या तेव्हा

बोलता बोलता सिस्टर मध्येच गप्प व्हायच्या. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर जायची, नजर समोरच्या माणसावरून उठून कुठेतरी आत वळायची आणि ओठ किंचित हलायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या नाड्या बघणारी बाई, हात आपोआप जात असेल, असं सोनाळ्यातले सगळे समजायचे. मीही पहिले काही महिने तसंच समजले. पण ती सवय नव्हती. आपण अजून जिवंत आहोत ना, हे सिस्टर तपासून बघत असायच्या.

माझी बदली सोनाळ्याच्या जिल्हा परिषद शाळेत झाली तेव्हा नवरा आणि मुलगा खामगावलाच राहिले. मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या, त्या नेमक्या आरोग्य उपकेंद्राच्या समोर. सिस्टर तिथल्या क्वार्टरमध्ये एकट्याच राहायच्या. मूळच्या डोणगावच्या. त्यांचे मालक तिकडे शेती बघायचे, मुलगी अकोल्याला शिकत होती. खोलीत एक पलंग, बुद्धाची छोटी मूर्ती, गॅसची शेगडी आणि औषधांचा वास. त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. म्हाताऱ्या बायकाही ‘सिस्टरबाई’ म्हणायच्या.

दुसऱ्याच्या बाबतीत ही बाई कशालाच डगमगायची नाही. एकदा एका बाईला उपकेंद्राच्या फाटकापर्यंत आणता आणता ऑटोतच कळा सुरू झाल्या. ऑटोवाला पळून लांब जाऊन उभा राहिला, सासू मोठ्याने रडायला लागली. सिस्टरांनी पदर खोचला आणि सासूला सांगितलं, “माय, रडाचं आसन तं तिकडं जाऊन रडा, इथं मले ऐकू आलं पाह्यजे.” थोड्या वेळाने बाळ ओरडलं. त्यांनी हात धुतले, मला चहा टाकायला सांगितला आणि चहाचा कप हातात आल्यावर पुन्हा दोन बोटं मनगटावर. त्या दिवशी मी विचारलंच, “सिस्टर, हे काय बघता तुम्ही सारखं?”

त्यांनी चटकन हात खाली घेतला. मग हळूच म्हणाल्या, “मले मरनाचं भेव लागते, मॅडम.”

त्यांची आई चाळिशीत गेली होती, हृदयविकाराने. पुढे मोठी बहीणही तशीच गेली. ताई हापशीवर पाणी भरत होती. “मले जरासं बसू द्या,” एवढंच म्हणून ओट्यावर टेकली, ती उठलीच नाही. सिस्टर तेव्हा ड्युटीवर होत्या, दुसऱ्याच कुणाला सलाईन लावत. “ताई जितक्या वयाची होऊन गेली, तितक्या वयाची मी आता होऊन राह्यली,” त्या म्हणाल्या. “रोज सकायी उठली का पह्यले हात छातीवर जाते.”

अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. ईसीजीची पट्टी निघाली, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, सगळं ठीक होतं. पण डॉक्टर म्हणाले, घराण्यात आहे, वजन आणि साखर वाढते आहे, तेव्हा चाला आणि जमेल तसं हळूहळू पळायला लागा. सिस्टरांना हे ऐकूनच घाम फुटला होता. पळायचं म्हणजे श्वास वाढणार, छाती धडधडणार. आणि छाती धडधडली की त्यांच्या लेखी ती मरणाची सुरुवात. जे औषध सांगितलं होतं, त्याचंच भय.

मी त्या काळात सकाळी पळायला जायची. पळणं मोठं काही नव्हतं. घर खायला उठायचं म्हणून बाहेर पडायची, कानात इअरफोन घालून कुणाची तरी मुलाखत, कुणाच्या तरी गप्पा लावायची. पॉडकास्टमधली ती अनोळखी माणसं माझ्याशीच बोलत आहेत असं वाटायचं. सिस्टर दारातून रोज बघत असाव्यात. एका सकाळी पंजाबी ड्रेस आणि पांढरे ड्युटीचे बूट घालून त्या फाटकात उभ्या होत्या. “मॅडम, तुमी कानात काय घालून पयता वं?”

पहिल्या दिवशी कानात काहीच न घालता त्या माझ्याबरोबर आल्या. पिठाच्या गिरणीच्या पुढे, शेवटची घरं संपतात तिथपर्यंत चाललो, मग मी जरा पळू या म्हटलं. थोडंसंच पळालो असू. सिस्टर थांबल्या आणि नाल्याच्या कठड्यावर बसल्या. चेहरा पांढराफटक, बोटं मनगटावर. “मले माह्या छातीतला ढोल ऐकू येऊन राह्यला. मॅडम, मी चालली.” मला वाटलं घरी चालली म्हणतात. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं आणि खरंच काही झालं तर काय करायचं हे ज्यांना कळायचं, त्याच तिथे बसल्या होत्या. हळूहळू त्यांचा श्वास खाली आला. उठताना म्हणाल्या, “तो ढोल ऐकू नाई आला पाह्यजे. मंग जमते पाहा.”

तेव्हा मी त्यांच्या फोनमध्ये पॉडकास्ट घालून द्यायचं ठरवलं. यात आमची फजितीच जास्त झाली. नर्सबाईंना आरोग्यावरचं आवडेल म्हणून मी एका डॉक्टरांचा भाग लावून दिला. त्यांचा विषय होता झटका येण्याआधीची लक्षणं. सिस्टरांनी इअरफोन कानातून असे ओढले, जणू विंचूच चावला. दुसऱ्या दिवशी उत्साह वाढवणाऱ्या एका गृहस्थाला लावलं. तुम्ही करू शकता, तुम्ही वाघ आहात, असं तो ओरडत होता. “हा बाप्पा काऊन चिल्लावून राह्यला? ह्याच्याच छातीले कमी-जास्त होईन,” म्हणून तोही बंद झाला. मग मी खास पळणाऱ्यांसाठी असलेला एक भाग शोधला. शांत आवाजाची एक प्रशिक्षक बाई पळताना सूचना देत होती. सुरुवात बरी झाली. पण पुढे ती म्हणाली, आता आपल्या शरीराचं ऐका, आपल्या हृदयाचे ठोके जाणून घ्या. सिस्टर जागीच थांबल्या. “तेच तं ऐकून राह्यली मी इतके वर्ष! थे ऐकू येऊ नये म्हनून तं हे कानात घातलं!”

जमलं ते चुकून. एक भाग संपल्यावर फोनने आपणहूनच दुसरा सुरू केला. तो भुताखेताच्या, भयाच्या गोष्टी सांगणाऱ्या एका माणसाचा होता. खोल आवाज, घाटातला बंगला, रिकाम्या खोलीत हलणारी खुर्ची. मी घाबरून बंद करायला हात पुढे केला, तर सिस्टरांनी माझा हात झटकला. डोळे मोठे करून त्या पळत होत्या. नाला गेला, संत्र्याची बाग आली. बागेच्या कुंपणापाशी गोष्ट संपली तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं आणि त्यांना कळलं की आपण इतक्या लांब आलो. घामाने चिंब झाल्या होत्या. “दुसऱ्याचं भेव ऐकलं का आपलं थोडं दमते, मॅडम,” त्या म्हणाल्या. पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून बरेचदा ऐकलं.

तेव्हापासून त्यांनी स्वतःचे काही नियम करून टाकले. बागेच्या पुढे फोनला रेंज नसायची, म्हणून आदल्या दिवशी उपकेंद्राच्या पायरीवर बसून गोष्ट फोनमध्ये उतरवून ठेवायची. गोष्ट फार लांब नको, परत येईस्तोवर संपली पाहिजे. सुरुवातीला सांगणारा संथ बोलत असेल तोवर चालायचं, गोष्टीने वेग घेतला की पळायचं. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे रस्त्यावर ऐकायची गोष्ट घरी अजिबात ऐकायची नाही. अर्धी राहिली तरी नाही. “घरी ऐकली तं सकायी उठाले कारन काय?” त्या म्हणायच्या. पुढे काय झालं या उत्सुकतेवर त्या बाईने थंडीतसुद्धा अंथरूण सोडलं.

इअरफोन मात्र त्या एकाच कानात घालायच्या. दुसऱ्या बाजूची वायर ओढणीच्या आत सोडलेली. मी दोन्ही कान बंद करून पळायची. त्यावरून त्या मला रोज बोलायच्या. “एक कान गोष्टीले, एक कान रस्त्याले. बाईच्या जातीनं दोन्ही कान बंद करू नये.” मोटारसायकलवरून जाणारी पोरं मुद्दाम हळू व्हायची, काहीतरी बोलायची. मला ते ऐकूच यायचं नाही, म्हणून मी सुखी होते. सिस्टर ऐकायच्या, आणि ज्याचा आवाज ओळखीचा वाटे त्याच्या घरी लसटोचणीच्या फेरीत जाऊन त्याच्या आईसमोर सांगून यायच्या. आठवड्याभरात पोरं रस्त्याची दुसरी बाजू धरून जायला लागली.

मोहाच्या दिवसांतली गोष्ट. सातपुड्याचा पायथा तिथून जवळ. मोहाची फुलं पडायला लागली की अस्वलं खाली उतरतात, हे गावातलं लहान पोरही जाणतं. आम्हीही जाणत होतो, पण रोजच्या रस्त्यावर ती येतील असं कुणाला वाटतं? उजाडलं होतं, सूर्य वर यायचा होता. माझ्या कानात कुणीतरी आपल्या गावच्या नदीबद्दल सांगत होतं. अचानक माझी ओढणी मागून गच्च ओढली गेली. चिडून वळले तर सिस्टरांचं बोट ओठांवर होतं. त्यांनी हनुवटीने पुढे दाखवलं.

बागेच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या मधोमध अस्वल उभं होतं. पाठीवर पिल्लू. केसांचा काळा ढीगच वाटला मला आधी, मग त्या ढिगाला तोंड फुटलं आणि ते वर होऊन हवेत हुंगायला लागलं. पिल्लू आईच्या केसांत तोंड खुपसून बसलं होतं. पिल्लू बरोबर असलेल्या अस्वलीने माणसाचं काय केलं, याच्या हकिकती मी वर्गातल्या मुलांकडून ऐकल्या होत्या. आता त्या सगळ्या एकदम आठवल्या. माझ्या कानात तो माणूस नदीबद्दल सांगतच होता आणि इअरफोन काढायला हात उचलण्याची माझी हिंमत नव्हती.

सिस्टरांनी माझं मनगट धरलं. “मांगं सरा,” अगदी ओठातल्या ओठात. “पाठ नका दाखवू. पयू नका.” आम्ही एक एक पाऊल मागे टाकत होतो. अस्वलीने दोनदा फुरफुर केलं, चार पावलं आमच्याकडे आली आणि थांबली. मला वाटलं, संपलं. मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “तुमची नाडी लई पयून राह्यली. नाकानं श्वास घ्या. हळू. मी हावो ना.” त्यांनी माझं मनगट धरलं होतं ते आधारासाठी नव्हतंच. त्या माझी नाडी बघत होत्या! अस्वलीने मान फिरवली, कुंपणाची तार वाकवून ती पिल्लासकट बागेत उतरली आणि दिसेनाशी झाली.

नाल्याच्या कठड्यापर्यंत आलो आणि बसलो. मग मला रडू कोसळलं. सिस्टर माझी पाठ चोळत होत्या. दोन दिवसांनी त्या घरी आल्या, दारातच उभं राहून म्हणाल्या, “मॅडम, त्या अस्वलीच्या समोर मी माही नाडी पाह्यलीच नाई. ध्यानातच नाई आलं.” त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. एखादी वस्तू घरी विसरून आल्यासारखा गोंधळ होता.

महिनाभर आम्ही गावातल्या गावात, शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या. पावसाळा येऊन गेला, पुन्हा रस्ता धरला. सिस्टरांचं वजन उतरलं, साखर खाली आली. एकदा परतताना त्या पळता पळता थांबल्या. मग म्हणाल्या, “मी आता ताईपेक्षा मोठी झाली.” मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं वाटत असेल. मी हसून त्यांच्याकडे बघितलं तर डोळे भरलेले. “थे माही मोठी बहीन होती ना वं. आता थेच लहान राहून गेली. मी कोनाले ताई म्हनू?” उरलेला रस्ता आम्ही चालत आलो.

भय गेलं असं मात्र समजू नका. बोटं मनगटावर जायचीच. फक्त आता त्या क्षणभर थांबून, जवळ बायका असल्या तरी, उघडच म्हणायच्या, “भेवच हाय, दुसरं काई नाई,” आणि कामाला लागायच्या.

ते हिवाळ्याचे दिवस होते. दुपारच्या सुट्टीनंतर मी वर्गात होते, तेवढ्यात अंगणवाडीच्या मंदाताई धापा टाकत आल्या. त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. “मॅडम, सिस्टर तुमाले बोलावून राह्यल्या. लवकर चाला.” मी धावले. सिस्टर भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळावर घाम, जवळ लसीचा डबा नीट झाकून ठेवलेला. आसपासच्या बायका पदराने वारा घालत होत्या. कुणीतरी म्हणालं, त्यांना नेहमीच असं होते, घाबरट हायेत, पाणी द्या. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी थंड होता. “हे भेव नाई, मॅडम. भेव कसं असते थे मले पाठ हाय. रोज पयताना त्याच्यासंगच तं पयते मी. हे दुसरं काई हाय. गाडी पाहा. छातीवरची गोयी मी खाल्ली.”

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली होती, यायला वेळ लागणार होता. गावातल्या एकाची जीप मिळाली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. पुढे मंदाताई. अकोल्याचा रस्ता त्या दिवशी सरता सरेना. कापसाच्या गाड्या, गुरांचे कळप, प्रत्येक खड्ड्याला सिस्टर डोळे मिटायच्या आणि ते पुन्हा उघडेपर्यंत माझा जीव माझ्यात नसायचा. ‘मले जरासं बसू द्या’ हे वाक्य त्यांनी आता म्हणू नये, एवढंच मी मनात घोकत होते. मी फोन काढला, उतरवून ठेवलेली एक गोष्ट लावली, इअरफोन त्यांच्या कानाशी नेला. त्यांनी मान हलवली. “तुमीच बोला.”

मला गोष्ट सांगता येत नाही. वर्गात पुस्तकातलं शिकवते तेवढंच. काय बोलावं? शेवटी मी म्हटलं, “सिस्टर, तुम्ही माझ्याबरोबर पळायला यायच्या आधी मी कधीच नाल्याच्या पुढे गेले नव्हते. रोज कठड्याला हात लावून परत फिरायची. पुढे एकटीला जायची भीती वाटायची.”

त्यांनी एक डोळा उघडला. “मंग मले कोनाच्या भरोशावर पुढं नेलं?”

“तुमच्याच.”

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. “बोला. बोलत राहा,” त्या म्हणाल्या. मी अकोला येईपर्यंत बोलत राहिले. काय बोलले ते आज एक शब्द आठवत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांची मुलगी, मंदाताई आणि मी. मुलगी सारखं विचारायची, “मावशी, आई बोलत होती ना गाडीत?” मी होय म्हणायची. अंधार पडायच्या आत डॉक्टर बाहेर आले. हृदयाची एक नस अरुंद झाली होती, ती मोकळी केली होती. नुसती भीतीच आहे असं समजून घरी झोपून राहिल्या असत्या, तर हाती लागल्या नसत्या, असं ते म्हणाले. मुलगी खाली बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. मी रडले नाही. माझे दात वाजत होते, ते थांबत नव्हते.

सिस्टर बऱ्या झाल्या, पण घरच्यांनी त्यांना पुन्हा एकटं ठेवायला नकार दिला. खटपट करून डोणगावजवळच्या उपकेंद्रात बदली मिळाली. जिल्ह्याच्या या टोकावरून थेट त्या टोकाला. सामान भरलेल्या टेम्पोपाशी बायकांची गर्दी झाली. ऑटोत जन्मलेली ती मुलगी आजीच्या कडेवर होती. सिस्टर सगळ्यांना गोळ्यांच्या वेळा बजावत होत्या. टेम्पोत चढल्यावर मला फक्त विचारलं, “उद्या पयाले जासान ना?” मी हो म्हटलं. नाही म्हणायचं धाडस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं ते नाइलाजाने. समोरच्या क्वार्टरला कुलूप. नाल्यापर्यंत जाऊन परत यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. फाटकापाशी कुणीतरी उभं दिसलं. जवळ गेले तर मंदाताई. साडीवर स्वेटर, पायात नवेकोरे बूट, हातात फोन आणि एक भलीमोठी काठी. “सिस्टरनं सांगतलं, मॅडमले एकटीले जाऊ देऊ नका,” त्या म्हणाल्या. थंडीने त्या कुडकुडत होत्या. “मले कुत्र्याचं लई भेव लागते, मॅडम. हे कानातलं कसं घालतेत?”

मी त्यांना इअरफोन घालून दिला. आम्ही कशाबशा बागेपर्यंत गेलो. वाटेत एक कुत्रं नुसतं उठून बसलं तर मंदाताईंनी माझा दंड असा धरला की वळ उठले.

संध्याकाळी डोणगावहून फोन आला. तब्येतीचं विचारायचं मी तोंड उघडलं, तर सिस्टरांनी मला मध्येच तोडलं.

“आली होती का मंदा?”

“आली होती.”

“घाबरली होती?”

“खूप. सगळा रस्ता माझा हात सोडला नाही.”

मग त्यांचा तो ठाम, ड्युटीवरचा आवाज आला.

“मंग उद्या बी येईन थे.”